आराम आहे

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. ती आधीपासून आत होती, मी चौथ्या मजल्यावरच्या छापखान्यातून बाटल्यांची लेबलं घेऊन शिरले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग नीट पाहिलं, आणि विचारलं, "वैद्यांची मुलगी ना तुम्ही?" मी हो म्हटलं. तिने आवाज खाली आणला, जणू आणखी कुणी ऐकत होतं. "एक विचारू? राग नका मानू. तुमचं खरंच थांबलं होतं का हो?" मी म्हटलं, "हो. तीन महिन्यांत." विचार करावा लागला नाही. कुणी नाव विचारलं की आपण नाव सांगतो, तसं ते तोंडातून निघतं. ती मान हलवत राहिली. लिफ्ट थांबली, दार सरकलं, आणि बाहेर पडता पडता ती म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकलं असणार." चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. छत्री घरी विसरली तर म्हणावं तितक्या साधेपणाने म्हणाली आणि गर्दीत गेली.

रस्त्यावर आल्यावर मला आधी तिचाच राग आला. माणसाने निदान भांडावं. तिने मला चार शब्द ऐकवले असते तर मी उलट आठ ऐकवले असते आणि विषय मिटला असता. पण ही बया स्वतःलाच बोल लावून मोकळी! काय चुकलं असेल तिचं? काढा गार करून प्यायली असेल, ओव्याची पुरचुंडी पुरेशी तापवली नसेल, जागरण केलं असेल, शिळं खाल्लं असेल. बाई शोधायलाच बसली तर तिला स्वतःच्या शंभर चुका सापडतात, पुरुषाला शेजाऱ्याच्या. मी लेबलांचा गठ्ठा पोटाशी धरून फुटपाथवर उभी राहिले, कारण चालता येत नव्हतं. माझा तो पाळीचा पहिला दिवस होता. खाली डावीकडे कुणी ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळत होतं, आणि पीळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरत होता. तीन महिन्यांत थांबलं म्हणे. सकाळी दोन गोळ्या घेतल्या होत्या, त्यांचा काही उपयोग होत नव्हता. समोरच्या दुकानाच्या काचेत मला माझा चेहरा दिसला. अगदी शांत होता. त्या चेहऱ्याचा मला इतका तिटकारा आला की मी पाठ फिरवली.

बाबांचा दवाखाना घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आहे. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत बाबा, आणि बाबांच्या मागे लाकडी पार्टिशनच्या आड मी, बरण्या, तराजू आणि पुड्या बांधायचे कागद. पाळीच्या दुखण्यासाठी बाबांचं नाव आहे. लांबून लांबून बायका येतात. त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणतात, आणि लोक म्हणतात तेव्हा बाबा डोळे मिटून घेतात, म्हणजे ऐकू आलं पण गर्व नाही. नवी बाई आली की तिची नाडी बघून होते, प्रश्न होतात, औषध ठरतं, आणि मग ती बिचकते. इतके महिने घ्यायचं? नक्की बरं होईल? अशा वेळी बाबा पेनाचं टोपण टेबलावर दोनदा आपटतात. मी उठून पलीकडे जाते. "ही माझी मुलगी," बाबा म्हणतात, "आणि माझी पहिली रोगी. तुम्ही हिलाच विचारा." बाई माझ्याकडे बघते. मी म्हणते, "मलाही असंच व्हायचं. तीन महिन्यांत थांबलं." एवढंच. परत येऊन पुड्या बांधायला लागते. बावीस वर्षं. शितावरून भाताची परीक्षा करतात; आमच्या दवाखान्यातलं ते शीत मी, आणि शीत कच्चं.

बाबा लबाड नाहीत. लबाड असते तर किती सोपं झालं असतं. त्यांची विद्या त्यांनी घासून घासून मिळवली आहे, आणि पार्टिशनच्या आड बसून मीही त्यातलं थोडं उचललं. खाली जाणारा वायू असतो, तो अपान. त्याची वाट अडली की तो उलटा फिरतो आणि कळा येतात. अंगावर जायला लागलं की वाट मोकळी होते आणि दुखणं लगेच उतरतं. असं दुखणं असेल तर तेल, शेक, दशमुळांचा काढा, बस्ती, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, यांनी खरंच उतार पडतो. मी पाहिलंय. वाकून आलेल्या मुली ताठ चालत गेलेल्या पाहिल्यात. पण दुखणं त्या जातीचं असेल तरच. म्हणून बाबा प्रत्येकीला न चुकता विचारतात, "सुरू झाल्यावर कमी होतं की वाढतं?" वाढतं म्हटलं तर ते पुढे पुष्कळ विचारतात, दर वर्षी वाढत गेलंय का, पाळी नसतानाही दुखतं का, शौचाला बसताना दुखतं का, आणि कधी कधी चिठ्ठी लिहून तपासणीला पाठवतात. परक्या बाईला ते हे सगळं विचारतात, तिच्या तोंडाकडे बघून, घाई न करता. मला विचारलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आई दाराशी उभी होती. बाबांना माझ्याकडे बघवेना, ते खिडकीबाहेर बघत होते. वडील आणि मुलगी, आणि मधे हा विषय! त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सुरू झाल्यावर कमी होतं ना?" मला होत नव्हतं. मला तर तेव्हाच खरं सुरू व्हायचं. पण त्यांच्या आवाजात विनवणी होती, लवकर सुटका कर म्हणून, आणि मलाही सुटायचं होतं. मी म्हटलं, "हो."

मग ते तीन महिने. सकाळी काढा, रात्री काढा, ते सोसलं. पण तेलाचा बस्ती, म्हणजे एनिमाच, आई द्यायची, आणि आईला जमायचं नाही म्हणून बाबा बंद दारापलीकडे उभे राहून सांगायचे, "डाव्या कुशीवर वळव तिला. उजवा पाय दुमड. घाई करू नकोस." मी उशीत तोंड खुपसून पडलेली असायचे आणि दाराखालच्या फटीतून मला त्यांच्या चपला दिसायच्या. चौदाव्या वर्षी माणूस लाजेने मरत नाही, नाहीतर मी मेले असते. तिसऱ्या महिन्यात पाळी आली, नेहमीसारखी, किंबहुना जास्तच, आणि मी जेवताना सांगून टाकलं, "या वेळी दुखलं नाही." फक्त त्या चपला पुन्हा दिसू नयेत म्हणून. बाबांनी घास खाली ठेवला. उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्याआधी त्यांनी असा हात कधी ठेवला होता मला आठवत नाही, त्यानंतर ठेवला नाही हे पक्कं आठवतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बाईसमोर मला उभं केलं. मी शाळेच्या कपड्यांत होते. मी म्हटलं, "तीन महिन्यांत थांबलं." आकडा तेव्हापासून तोच.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात. माझा सुंठ घेऊनही गेला नाही, आणि गेला म्हणून सांगायचं होतं. आईला ठाऊक होतं. चादरी तीच धुवायची, पहाटे उठून गरम पाण्याची पिशवी तीच आणायची, आणि म्हणायची, "त्यांना कळू देऊ नकोस गं. त्यांच्या हाताचा गुण जाईल." माझ्या पोटाचं काय जाईल हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून पिशवी मीच भरते. गोळ्या तीन गल्ल्या सोडून असलेल्या दुकानातून आणते, चष्म्याच्या डबीत ठेवते. दुकानदार मला डोकं दुखणारी शाळेतली बाई समजतो आणि मुलांचा आवाज फार असेल नाही, असं दर महिन्याला विचारतो. पूर्वी एक दिवस दुखायचं, मग दोन, आता पाच. आता मधल्या दिवसांतही दुखतं. बाबा परक्या बायकांना जे जे विचारतात, त्या प्रत्येक प्रश्नाला मी पार्टिशनमागून मनात हो म्हणते. हो, दर वर्षी वाढलंय. हो, शौचालाही. बोला पुढे. ते पुढे बोलतात, तिच्याशी. माझी तपासणी कुठल्याही दवाखान्यात होऊ शकली असती, मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण कागदावर काही निघालं असतं तर ते कागद घेऊन मी राहिले कुठे असते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबणारा हात माझा स्वतःचा होता.

घरी पोचले तेव्हा दवाखाना उघडायला तास होता. बाबा आत झोपले होते. मी केसपेपरांचं कपाट उघडलं. लिफ्टमधल्या बाईचं नाव मला आठवेना, गालावरचा तीळ आठवत होता आणि ती बँकेत कामाला होती एवढं. 'बँक' शोधत शोधत तिचा कागद सापडला, दोन वर्षांपूर्वीचा. बाबांचं अक्षर सुरेख आहे. 'स्राव सुरू झाल्यावर वेदना: वाढते.' त्याच्याखाली, 'स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी?' म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. पहिला महिना, 'फरक नाही.' दुसरा महिना, 'किंचित.' तिसरा महिना, 'आराम आहे.' आणि तपासणीच्या ओळीवर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. मला आधी काही कळेना. मग मी दुसरा कागद काढला, मग तिसरा, मग हाताला येतील तेवढे काढून जमिनीवर पसरले आणि त्यांच्यात गुडघ्यांवर बसले. तिसरा महिना, आराम आहे. तिसरा महिना, आराम आहे. काही जणींना खरंच असेल. पण सगळ्यांना? बरोबर तिसऱ्या महिन्यात? दुखणं काय रेल्वे आहे वेळापत्रकाने यायला-जायला? मी तीन महिने म्हटलं होतं म्हणून तिसऱ्या महिन्यात त्या इथे येऊन बसल्या, समोर म्हातारा वैद्य आशेने बघतोय, मागे पार्टिशनच्या आड त्याची बरी झालेली मुलगी पुड्या बांधतेय, आणि कुणालाही आपण एकटीच नापास झालो असं सांगवलं नाही. म्हणाल्या, आराम आहे. बाबांनी लिहिलं. रेघ मारली. मग त्या परत आल्या नाहीत, आणि त्या परत येत नाहीत म्हणून बाबांना वाटलं बऱ्या झाल्या.

मला तिथे रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तोही सगळ्यांवर. बाबांवर, आईवर, त्या बायकांवर. एवढ्या शिकल्यासवरल्या, बँकेत बसणाऱ्या, लोकांवर ओरडणाऱ्या बायका, आणि एका वाक्यासाठी तोंड उघडेना! मग माझ्या लक्षात आलं की मी स्वतःलाच शिव्या देतेय, तेव्हा थांबले. कागद उचलून कपाटात कोंबले. दोन गोळ्या आणखी घेतल्या.

चारला पहिल्याच नंबरला एक मुलगी आली, सोळा-सतराची, बरोबर आई. मी फटीतून पाहिलं आणि मला ती आवडली नाही. ओठ घट्ट मिटलेले, नजर टेबलावर, बसणं असं की कधीही उठून जाईल. बाबांनी नाडी पाहिली. किती वर्षं, किती दिवस, शाळा बुडते का. सगळी उत्तरं आईने दिली. "बुडते ना, दर महिन्याला. परीक्षेला उलट्या करत बसली होती. तिचे वडील म्हणतात नाटकं आहेत, मी म्हटलं एकदा दाखवून तरी येऊ." मग बाबांनी विचारलं, "सुरू झाल्यावर कमी होतं की वाढतं?" मुलीने तोंड उघडलं. आई म्हणाली, "होतं कमी. होतं ना गं? दोन दिवसांनी उठून बसते की." मुलीने तोंड मिटलं. बाबा आता सत्तरीच्या पुढे गेलेत, थकतात, जे उत्तर आधी कानावर येतं ते लिहून टाकतात. मला पेनाची कुरकुर ऐकू आली. त्यांनी लिहिलं असणार, 'कमी होते.' माझ्यासारखीच अर्ध्या प्रश्नावर निकाल लागलेली ही दुसरी. मी तराजूचा काटा बोटाने धरून ठेवला होता. आईने विचारलं, "पण बरी होईल ना हो? पुढच्या वर्षी हिचं महत्त्वाचं वर्ष आहे." आणि टोपण दोनदा वाजलं.

मी उठले. उभं राहताना कळ आली, एवढी की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तो शांत चेहरा मी बरोबर घेऊन गेले. बाबांच्या टेबलाची कड धरून उभी राहिले. "ही माझी मुलगी," बाबा म्हणाले, "आणि माझी पहिली रोगी. हिलाच विचारा." आई हसून माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "मलाही असंच व्हायचं." पुढचं वाक्य तयारच होतं. मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे. मग माझ्या पायांकडे, डावा पाय मी किंचित उचलून धरला होता. आणि ती म्हणाली, "यांचं आत्ता दुखतंय."

"गप्प बस," आई म्हणाली. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"आई, बघ ना त्या कशा उभ्या आहेत. मी पण अशीच उभी राहते."

बावीस वर्षांत कुणी माझ्या हाताकडे पाहिलं नव्हतं. मला त्या मुलीचा भयंकर राग आला, चोरी पकडणाऱ्याचा येतो तसा. मी नाही म्हणू शकले असते. पाठीत भरलंय म्हणू शकले असते, तिच्या आईने लगेच मानलं असतं, तिला मानायचंच होतं. आणि तिसऱ्या महिन्यात ही पोरगी येऊन याच खुर्चीत बसून आराम आहे म्हणाली असती. नसती म्हणाली तर तिच्या आईने तिच्या वतीने म्हटलं असतं.

"हो," मी म्हटलं. "दुखतंय. कधीच थांबलं नव्हतं. सुरू झाल्यावर माझं वाढतं. तुझं?"

"वाढतं," मुलगी म्हणाली. "खूप."

आई एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होती. "म्हणजे? मग इतक्या बायकांना तुम्ही सांगता काय? माझ्या नणंदेला तुम्हीच सांगितलंत ना?" मी म्हटलं, हो, मीच. "लाज नाही वाटत?" मी म्हटलं, वाटते. बाबांनी केसपेपरवरची ओळ खोडली, वर दुसरी लिहिली, मग खणातून चिठ्ठीचा कागद काढला. मुलीला पुढचे प्रश्न विचारले, सगळे, एकेक करून, आणि आई बोलायला लागली की हात वर करून तिला थांबवलं. चिठ्ठी लिहून दिली. "आधी ही तपासणी करून आणा. तोवर शेक द्या, बाकी काही नको. आणि नाटकं नाहीत म्हणावं हिच्या वडिलांना, वैद्यांनी सांगितलंय." त्यांचा आवाज स्थिर होता. मला वाटलं होतं ते कोसळतील. मी त्यासाठी तयार झाले होते, खोटं कशाला बोलू, थोडी वाटच बघत होते.

त्या दोघी गेल्यावर बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मला वाटलं मुलीबद्दल बोलतायत. "काय?"

"तुझं. पहिल्यापासून. वैद्य आहे मी, एका घरात राहतो आपण. त्या दिवसांत तू जिना कशी चढतेस ते ऐकू येतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू थांबलं म्हणालीस." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "मला वाटलं, पोरीला नको असेल माझ्या हातून. स्वतःहून सांगेल तेव्हा बघू. मग तू सांगितलंच नाहीस."

"आणि या बायका? त्यांच्यासमोर मला का उभं करत होतात?"

"अर्धं दुखणं भीतीचं असतं," बाबा म्हणाले. "तुला बघितलं की त्यांची भीती जायची. ते काही खोटं नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. म्हातारे हात, स्वच्छ नखं. मला ते हात टेबलावरून ढकलून द्यावेसे वाटले. बावीस वर्षं मी या माणसाला जपत होते, याला फसवतेय म्हणून स्वतःला चोर समजत होते, त्याच्या हाताचा गुण राहावा म्हणून उशी चावत होते, आणि हा पलीकडच्या खोलीत जागा राहून जिना ऐकत होता. एवढं एक खोटं माझं स्वतःचं होतं, तेही त्यांचं निघालं. मी म्हटलं, "तुम्ही फार वाईट माणूस आहात, बाबा." त्यांनी मान हलवली, नाडी बघताना हलवतात तशी. मग म्हणाले, "बस जरा. पाय कापतायत तुझे." मी बसले नाही.

बाहेरच्या खोलीत पाच बायका होत्या. मधलं दार उघडंच राहिलं होतं, त्यांनी ऐकलं असणार, पण तोंडं अशी की काही ऐकलंच नाही. मी उंबऱ्यात उभी राहून, मोठ्याने, मागे बाबांनाही ऐकू जाईल असं सांगितलं की माझं दुखणं थांबलेलं नाही, कधीच नव्हतं, तुम्हाला सांगितलं ते खोटं सांगितलं. ज्यांचं दुखणं थांबलं नसेल त्यांनी आत जाऊन तसं सांगा, चिठ्ठी मागा, तपासणी करून घ्या. बोलून झाल्यावर मी वाट बघितली. कुणीतरी उठेल, ओरडेल, निदान दार आपटून जाईल. एकीने पदर सारखा केला. एक भिंतीकडे बघत राहिली. पुढचा नंबर जिचा होता तिच्या औषधाचा हा तिसरा महिना होता, मला ती आठवत होती, मागच्या खेपेला 'किंचित' म्हणालेली. मी तिला म्हटलं, "तुम्ही जा. आत जाऊन खरं काय ते सांगा."

ती हातातली पिशवी छातीशी धरून उठली, दोन पावलं आली, आणि माझ्या अगदी जवळ येऊन कुजबुजली, "पण त्यांना वाईट वाटेल हो."